कच्च्या यादीतली अक्षरं



मी कविता लिहितो आणि पोटासाठी तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात काम करतो. शिक्षण बीए. म्हणजे संगणकातल्या अक्षरांविषयी बोलायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. तरी बोलतो, कारण या विषयानं एकदा माझ्या कवितेत समुद्र घुसवला होता.

झालं असं. २००९-१० च्या सुमारास ऊसतोडणीला जाणाऱ्या मजुरांवर मी एक कविता लिहिली. बालाघाटाच्या डोंगरांतून उतरणाऱ्या बैलगाड्या, मागं राहिलेलं गाव, आणि मधल्या दऱ्या. एका अंकात ती छापून आली तेव्हा 'दऱ्या'चा 'दर्या' झाला होता. माझे मजूर डोंगर सोडून एकदम समुद्रात! ते एक वेळ सोसलं असतं. पण एका जाणकार वाचकांनी पत्र पाठवून कौतुक केलं, की कवीच्या घरातल्या उर्दू संस्कारांतून आलेला हा दर्या मराठी कवितेला वेगळीच खोली देतो. मी तोवर समुद्र एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, तोही ओहोटीला.

रेडिओवर हा घोळ होत नाही. 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही. कान चुकत नाही. कागदावर मात्र हा सगळा फरक त्या पापणीसारख्या अर्ध्या 'र'वर असतो, आणि तोच वाटेत कुठंतरी गळला होता. आचारी आणि आचार्य यांच्यातला फरकही याच एका रेघेचा. 'आचाऱ्यांना जेवायला वाढा' आणि 'आचार्यांना जेवायला वाढा' यांत पंगत बदलते.

मी छापणाऱ्यांवर चिडलो होतो. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "मामू, जुळणाऱ्याचा दोष नाही. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना हे होतं." मग सुट्टीत आला तेव्हा त्यानं मला युनिकोड म्हणजे काय ते समजावलं, आणि त्याच ओघात एक यादी दाखवली. आज मला सांगायचंय ते त्या यादीविषयी.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. पूर्वी प्रत्येक फॉन्टवाल्याचे आकडे वेगळे. त्यामुळे एकाच्या फॉन्टमधला 'क' दुसऱ्याकडे गेला की त्याचं भलतंच काही व्हायचं. युनिकोडनं जगातल्या सगळ्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक द्यायचं ठरवलं. आपला 'क' ०९१५. हे काम करणारी युनिकोड कन्सॉर्शियम ही संस्था १९९१ साली कॅलिफोर्नियात नोंदली गेली आणि त्याच वर्षी पहिली आवृत्ती निघाली. २०२४ च्या १६.० आवृत्तीत १,५४,९९८ अक्षरं-चिन्हं होती. ही झाली पक्की यादी. ती सगळ्यांना माहीत असते, कारण तुमच्या-माझ्या फोनमध्ये तीच असते.

पण पक्क्या यादीच्या मागं एक कच्ची यादी असते. तिला ते लोक 'पाइपलाइन' म्हणतात. नवी अक्षरं मागणीपासून मान्यतेपर्यंत कुठवर पोचली, हे त्यात लिहिलेलं असतं. अक्षराला देऊ केलेला क्रमांक, त्याचं नाव, मूळ प्रस्तावाचा कागद कुठला, समितीनं कधी स्वीकारलं, पुढची पायरी कोणती. कुणीही उघडून पाहावी अशी ती आहे. भाच्यानं दाखवली तेव्हा मला हसू आलं, कारण ती मी ओळखत होतो. आमच्या वाचनालयात असंच चालतं.

आमच्याकडे दोन वह्या. एक दाखल नोंदवही. पुस्तक आलं की त्यात चढतं आणि त्याला दाखल क्रमांक मिळतो. पुढं पुस्तक हरवो, वाळवी लागो, रद्द होवो, तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. ओळ खोडायची नाही. लाल शाईनं शेरा मारायचा, बस्स. दुसरी वही खरेदीच्या शिफारशींची. ती पेन्सिलीनं लिहिलेली असते. वाचक एखादं नाव सुचवतात, ते चुकीचं निघतं, एकच पुस्तक दोघं दोन नावांनी मागतात, समिती पुढच्या बैठकीवर ढकलते. पाहुण्यांना आम्ही दाखल नोंदवही दाखवतो. पण पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत मी शिकलो ते हे, की सगळी अक्कल त्या पेन्सिलीच्या वहीत लावायची असते. तिथं झोपलात, तर चूक शाईत जाते.

युनिकोडचा कारभार आमच्यापेक्षा कडक आहे. १९९६ साली त्यांनी दुसरी आवृत्ती काढली तेव्हा कोरियन लिपीची ६,६५६ अक्षरं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी बसवली. आधीच्या क्रमांकांवर कुणी मजकूर लिहून ठेवला असेल त्याचं काय झालं असेल, याचा विचार करा. त्या प्रकरणानं ते इतके पोळले, की तिथून पुढं नियमच केला: एकदा छापलेलं अक्षर काढायचं नाही, हलवायचं नाही, आणि त्याचं नावसुद्धा बदलायचं नाही. चुकलं असलं तरी नाही.

आणि चुकतं. २००५ च्या ४.१ आवृत्तीत उभ्या लेखनासाठीचा एक कंस घातला. त्याच्या इंग्रजी नावात 'ब्रॅकेट' या शब्दातल्या 'सी' आणि 'के'ची अदलाबदल झाली. किती डोळ्यांखालून ते गेलं असेल! पण आवृत्ती निघाली आणि नाव गोठलं. आजही ते तसंच आहे. शेजारी 'याचं बरोबर नाव असं' म्हणून एक अधिकृत टोपणनाव जोडलंय, आमच्या लाल शाईसारखं. दुसरं उदाहरण आमच्या सोलापूरकडच्या लोकांना जवळचं वाटेल, शेजारच्या कन्नडचं. जुन्या कन्नडमध्ये 'ळ'च्या जातीचं एक अक्षर होतं, जे पुढं वापरातून गेलं. युनिकोडमध्ये त्याचं नाव पडलं 'कन्नड अक्षर फ'. 'फ'शी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी कागदोपत्री ते 'फ'च राहणार.

म्हणून ती कच्ची यादी. चूक पकडायची तर ती तिथंच पकडली पाहिजे. यादीवर स्पष्ट बजावलेलं असतं की यातले क्रमांक आणि नावं बदलू शकतात, यांच्यावर विसंबून फॉन्ट बनवू नका. तुळुनाडूच्या जुन्या लिपीचंच बघा. तिचे प्रस्ताव वर्षानुवर्षं 'तिगळारी' या नावानं येत होते. तुळू बोलणाऱ्यांचं म्हणणं, ही आमची लिपी, हिला तुळू म्हणा. वाद बराच चालला. शेवटी २०२४ च्या आवृत्तीत ती 'तुळू-तिगळारी' या जोडनावानं आली. हा वाद छपाईनंतर सुरू झाला असता तर जोडनाव मिळालं नसतं.

आता ही यादी सांभाळायची म्हणजे करायचं काय? मला वाटलं होतं, कुणीतरी संगणकतज्ज्ञ बटण दाबत असेल. तसं नाही. हे निव्वळ कारकुनी काम आहे, आणि मी कारकून आहे म्हणून हे आदरानं म्हणतोय.

पहिली अडचण म्हणजे मालक दोन आहेत. एक युनिकोडची तांत्रिक समिती, ती वर्षातून साधारण चार वेळा बसते. दुसरी आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटना. तिथं देशोदेशींच्या मानकसंस्था मतदान करतात. तिच्या मानकाचा क्रमांक १०६४६. दोन्ही ठिकाणी प्रत्येक अक्षराचा क्रमांक आणि नाव एकच असायला हवं, नाही तर सगळा खटाटोप वाया. पण दोघांच्या बैठका वेगळ्या आणि गती वेगळी. आयएसओच्या पायऱ्यांनाही आकडे आहेत, ६०.६० दिसलं की समजायचं, प्रसिद्ध झालं. म्हणजे यादी राखणाऱ्याला एका ओळीत दोन घरचं वर्तमान लिहावं लागतं. एकानं नाव बदललं आणि दुसऱ्याकडच्या मसुद्यात जुनंच राहिलं, तर ते त्याच्याच डोळ्याला दिसायला हवं.

दुसरी अडचण जागेची. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन प्रस्तावांना चुकून एकच खुर्ची दिली गेली तर? म्हणून यादीत एक वेगळा वर्ग ठेवलाय, तात्पुरत्या नेमणुकीचा. अमुक अक्षरासाठी ही खुर्ची धरली आहे, पण कोणत्या आवृत्तीत बसवायचं ते अजून ठरलेलं नाही. एसटीत रुमाल टाकतात तसं. आणि नुसत्या अक्षरांची नाही, अख्ख्या लिप्यांचीही एक आखणी आहे. त्या नकाशांवर मायकेल एव्हरसन, रिक मॅकगोवन, केन व्हिसलर अशी नावं वर्षानुवर्षं आहेत. नकाशातली खुणांची पद्धत मला फार आवडते. छापून झालेली लिपी ठळक अक्षरांत. प्रस्ताव आलेली कंसात. जिचा नीट प्रस्तावच कुणी लिहिलेला नाही, ती दोन प्रश्नचिन्हांच्या मध्ये. कुणा एका जमातीची लिपी दोन प्रश्नचिन्हांमध्ये उभी आहे, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

तिसरी गोष्ट बैठकीतल्या कामांची. ठरलेल्या प्रत्येक कामाला बैठकीचा क्रमांक आणि कामाचा क्रमांक मिळतो, आणि पुढं माणसाचं नाव लागतं. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं तिथं लिहीत नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी सभांच्या इतिवृत्तांत हे एवढंच आणलं तरी पुष्कळ होईल. नाकारलेल्या प्रस्तावांचीही एक वेगळी यादी ठेवतात. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या क्लिंगॉन या काल्पनिक लोकांची लिपी १९९७ साली प्रस्तावात आली आणि २००१ साली नाकारली गेली. नाकारलेलं लिहून ठेवायचं, म्हणजे दहा वर्षांनी नवा माणूस तेच घेऊन आला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागत नाही. आमच्या शिफारशीच्या वहीत हे नव्हतं. मी ते पाहून सुरू केलं.

यादी नीट असली की वेळ आल्यावर घाईही करता येते. आपल्या रुपयाचं चिन्ह केंद्र सरकारनं १५ जुलै २०१० ला स्वीकारलं. ऑगस्टमध्ये युनिकोडच्या समितीनं त्याला क्रमांक दिला आणि ऑक्टोबरात निघालेल्या ६.० आवृत्तीत ते आलंसुद्धा. जपानची गोष्ट याहून मजेची. तिथं सम्राट बदलला की कालगणनेचं नाव बदलतं, आणि त्या नावाचं एक जोडचिन्ह लागतं. २०१९ मध्ये नवा सम्राट येणार हे ठरलं होतं, पण नाव जाहीर व्हायचं होतं १ एप्रिलला. युनिकोडनं आधीच एक खुर्ची राखून ठेवली. नाव माहीत नाही, पण जागा पक्की. 'रेइवा' जाहीर झालं आणि मे महिन्यात १२.१ आवृत्ती निघाली. तिच्यात नवं अक्षर एकच, तेच.

सगळ्यांना अशी घाई मिळत नाही, हेही खरं. ज्याच्यामागं सरकार आणि बँका, त्याला तीन महिने. बाकीच्यांना वर्षं.

माझ्या त्या अर्ध्या 'र'चं दुखणं मात्र यादीनं बरं होण्याजोगं नाही, कारण ते फार पूर्वी शाईत गेलंय. युनिकोडमधली देवनागरी आपल्याकडच्या 'इस्की' या भारतीय मानकावरून घेतली. 'दऱ्या'मधला 'र' लिहायला नुक्त्याचा 'ऱ' घ्यायचा, त्याला हलन्त लावायचा आणि पुढं 'य'. हा एक मार्ग. साधा 'र', हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह, हा दुसरा. दुसऱ्या आवृत्तीत तो होता, म्हणून पुढंही चालू ठेवावा लागला. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. तीच तऱ्हा 'ॲ'ची. २००८ पर्यंत त्याला स्वतःचा क्रमांक नव्हता, 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत होतो. एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत मराठीसाठी ०९७२ हा क्रमांक मिळाला, आणि २००९ च्या शासन निर्णयात 'ॲ'ला वर्णमालेत जागा मिळाली. छान झालं. पण जुन्या पद्धतीनं लिहिलेले 'ॲ' कुठं जातील? आमच्या वाचनालयाच्या संगणकात 'ॲरिस्टॉटल' शोधलं तर पुस्तक नाही म्हणतो, आणि पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात असतं. मी उठतो आणि काढून देतो. वाचकाला वाटतं, म्हातारबाबांची स्मरणशक्ती दांडगी आहे. (उर्दूवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडेही अरबी 'ये' आणि उर्दू 'ये' शब्दाच्या मध्ये हुबेहूब सारखे दिसतात, आणि क्रमांक निराळे.)

भाच्यानं यादी दाखवली त्या दिवशी मला तीत एक ओळखीचं नाव सापडलं. मोडी.

आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत मोडीतला एक कागद आहे. पणजोबांनी सावकाराकडे रान गहाण टाकलं त्याचा. आमच्याकडे लोकांना वाटतं, मुसलमानाच्या घरातला जुना कागद म्हणजे फारसी किंवा उर्दू असणार. हा सरळ मराठी, मोडीत, वरती आडवी रेघ आधी आखून घेतलेली आणि तिच्याखाली हात न उचलता लटकवलेली अक्षरं. घरात कुणालाच तो वाचता येत नव्हता. मी मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींकडून वाचून घेतला तेव्हा पणजोबांचं नाव पहिल्यांदा त्यांच्या काळच्या अक्षरात पाहिलं. असे लाखो कागद आपल्या दप्तरखान्यांत आहेत. त्यांची छायाचित्रं काढता येतात, पण चित्रात नाव शोधता येत नाही. त्यासाठी आधी प्रत्येक अक्षराला क्रमांक हवा.

मोडीचा सविस्तर प्रस्ताव अंशुमन पांडे या अभ्यासकांनी २०११ साली मांडला. लिप्यांच्या अशा प्रस्तावांना बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या 'स्क्रिप्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' या उपक्रमाचं पाठबळ असतं. तो २००२ पासून चालतो. मोडीची खुर्ची धरली होती ११६०० पासून. त्यानंतर भाचा गावी आला की मी त्याला म्हणायचो, बघ रे, मोडी कुठवर आली. स्टँडवर एसटीचा फलक बघत बसतात तसा मी ती ओळ बघायचो. फलक हलायचा नाही. मतदान, शेरे, पुढची पायरी. कुणी घाई करत नव्हतं, आणि कन्नडच्या त्या 'फ'ची गोष्ट कळल्यावर मलाही घाई नकोशी झाली.

जून २०१४ मध्ये ७.० आवृत्ती निघाली आणि मोडीची ७९ अक्षरं-चिन्हं कच्च्या यादीतून पक्कीत गेली. भाच्याचा फोन आला. "मामू, चढली." मी म्हटलं, पणजोबांचं नाव लिहून पाठव. कागदाची नक्कल त्याच्याकडे होती. थोड्या वेळानं माझ्या मोबाइलवर नऊ रिकाम्या चौकटी आल्या. मला वाटलं, फोन बिघडला. तो म्हणाला, "अक्षरं आत आहेत मामू, फक्त तुझ्या फोनमध्ये फॉन्ट नाही." काना-वेलांट्यांनाही वेगळे क्रमांक असतात, म्हणून नावापेक्षा चौकटी जास्त. तो निरोप मी पुसला नाही.

फॉन्ट मिळायला पुढं काही काळ गेला. मग एका ईदेला त्यानं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला आणि नाव लिहायला बसला. मी शेजारी पेटीतला कागद उघडून बोट ठेवलं. एका ठिकाणी तो थांबला. "मामू, इथं ऱ्हस्व की दीर्घ? यादीत दोन्ही आहेत." मोडीच्या प्रत्यक्ष लिखाणात हा भेद फारसा पाळत नसत, त्यामुळे कागदाकडे बघून उत्तर मिळेना. आम्ही दोघं बराच वेळ त्या वेलांटीकडे बघत बसलो. शेवटी बहीण आतून म्हणाली, शीरखुर्मा गार होतोय.